बीजकाची नोंद क्षणात, पैशांची वाट किती दिवस?

20 सप्टेंबर 2019 रोजी गोव्यात वस्तू व सेवा कर परिषदेची 37वी बैठक भरली. त्याच सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत कंपनी करातील मोठ्या कपातीची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांची पहिली पाने तिने व्यापली. त्या धामधुमीत परिषदेने इलेक्ट्रॉनिक बीजकाचा देशव्यापी नमुना मंजूर केला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. व्यापाऱ्याच्या दैनंदिन व्यवहारावर दूरगामी परिणाम झाला तो मात्र या दुर्लक्षित निर्णयाचा.

1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरुवात झाली. मर्यादा पायरीपायरीने खाली येत 1 ऑगस्ट 2023 रोजी 5 कोटींवर आली. दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकणाऱ्याने बीजकाचा तपशील नोंदणी पोर्टलवर पाठवायचा. तेथून 64 चिन्हांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळाला, तरच ते बीजक. अन्यथा नियम 48 नुसार ते बीजकच नव्हे. 10 कोटींवरील उलाढालीसाठी 1 एप्रिल 2025 पासून 30 दिवसांची मुदतही आली. खोट्या बीजकांवर करसवलत लाटणाऱ्या टोळ्यांचा अनुभव पाहता ही सक्ती अनाठायी म्हणता येणार नाही. 2017 मध्ये विवरणपत्रे परस्परांशी जुळवण्याची मूळ योजना काही महिन्यांतच गुंडाळावी लागली होती. ती उणीव या व्यवस्थेने बरीचशी भरून काढली.

प्रश्न आहे तो नोंदीनंतरचा. बीजक निघाले की त्यावरील कर पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिले की नाहीत, याच्याशी करखात्याला देणेघेणे नाही. उशीर झाला तर 18 टक्के व्याज. ग्राहक सरकारी खाते असेल तर पुरवठादार न मिळालेल्या पैशांवरचा कर आधी भरतो आणि मग साहेबांच्या सहीची वाट पाहतो. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येत 10 कोटींपर्यंतच्या उलाढालीचा उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. म्हणजे ई-बीजकाच्या कक्षेत आलेल्यांत सूक्ष्म उद्योगही आहेत.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने 45 दिवसांची कमाल मुदत घातली. ती उलटल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर याहून कठोर काय असणार? पण ही मुदत मोजायची ती माल 'स्वीकारल्या'पासून, आणि खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तर हरकत दूर होईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. हरकतीचा कागद कसा काढायचा, हे कोणत्याही कार्यालयातील लेखा लिपिकाला शिकवावे लागत नाही. 2023 च्या वित्त कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत न देणाऱ्याची आयकरातील वजावट पुढे ढकलली. हा चाबूक खासगी खरेदीदाराला लागतो. आयकरच न भरणाऱ्या सरकारी खात्याला त्याची काय भीती?

त्यातच जून 2021 च्या अधिसूचनेने शासकीय खाती व स्थानिक संस्थांना ई-बीजकातून सूट मिळाली. खाती क्वचितच विक्रेते असतात, त्यामुळे रकमेच्या दृष्टीने हा मुद्दा लहान. पण त्यातून दिसणारी वृत्ती लहान नाही. इटलीने उलट क्रम धरला. तेथे 2014 मध्ये आधी केंद्रीय शासनाने आपल्या पुरवठादारांकडून केवळ इलेक्ट्रॉनिक बीजके घेण्यास प्रारंभ केला आणि खासगी व्यवहारांवर सक्ती आली ती 2019 मध्ये. आधी घरचा हिशेब, मग शेजाऱ्याचा.

दिल्लीने काहीच केले नाही, असे नाही. 2 मार्च 2022 रोजी 8 मंत्रालयांत ई-बिल प्रणाली सुरू झाली. देयक कोणत्या टेबलावर आहे हे पुरवठादाराला घरबसल्या दिसावे, हा तिचा हेतू. 14 ऑक्टोबर 2024 पासून कर पोर्टलवर खरेदीदाराला बीजक स्वीकारण्याची वा नाकारण्याची सोय झाली. त्याने काहीच केले नाही तर ते स्वीकारलेच असे मानले जाते. हा मौनाचा नियम करसवलतीपुरता आहे. 2006 च्या कायद्यातही 15 दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल स्वीकारलाच असे मानले जाते; ती 'स्वीकृती' पोर्टलवरील नोंदीवरून ठरवली, तर 45 दिवसांचे घड्याळ आपोआप चालू लागेल. दोन मंत्रालयांची दोन पोर्टले एकमेकांशी बोलत नाहीत, एवढेच कारण आज आड येते.

अर्थात तिजोरीत पैसेच नसतील तर कोणता क्यूआर कोड ते आणणार? महाराष्ट्रात 2025 मध्ये कंत्राटदार थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरले, ते मुळात तरतुदीविना कामे मंजूर करण्याच्या राजकारणाने. पण थकबाकी किती, यावरच संघटना आणि मंत्री यांच्यात वाद होऊ नये, एवढी किमान अपेक्षा नोंदीच्या व्यवस्थेकडून ठेवता येते. विधिमंडळात प्रश्न विचारणाऱ्या सदस्यालाही मग 'माहिती गोळा करण्यात येत आहे' या उत्तरावर समाधान मानावे लागणार नाही.

खात्यांची सूट रद्द करण्यास परिषदेची शिफारस आणि एक अधिसूचना पुरे. स्वीकृतीची व्याख्या बदलण्यास मात्र संसदेत विधेयक आणावे लागेल. याच विषयाशी संबंधित असलेले, बीजके विकून आगाऊ रोकड मिळवण्याची वाट रुंद करणारे फॅक्टरिंग दुरुस्ती विधेयक जुलै 2021 च्या पावसाळी अधिवेशनात पेगासस प्रकरणाच्या गदारोळात दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. लघुउद्योजकांच्या पैशांवर बोलायला तेव्हा कोणालाच सवड नव्हती.