अडलेली गोष्ट

गोष्ट अडली की 'मूड नाही' म्हणायची आमच्यात रूढीच पडली आहे. मला ती साफ अमान्य आहे. इथे धावड्यात माझी नायिका आठ दिवस उंबरठ्यावर खोळंबली आहे. ती सासर का सोडते, हे मलाच उमगलेले नाही! एक संपादक सुचवतात, 'अपघात घाला अन् अंक गाठा.' का म्हणून? १८९० साली 'करमणूक' काढणाऱ्या हरिभाऊ आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्यांना कोणी लहान म्हटले? नेमाड्यांच्या 'हिंदू'ची वाट आपण वर्षानुवर्षे पाहिली. ती २०१० साली आली. वाचकहो, पात्र अडते ते लेखकाला खोटे बोलू द्यायचे नाही म्हणून. त्याचे ऐकावे. दिवाळी काय, पुढल्या वर्षीही येते!