नर्मदा ओट्यावर, शुद्ध केलेले पाणी नदीत

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आपले इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर जाहीर झाले. शहरातले सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात सोडले जात नाही आणि शुद्ध झालेले पाणी पुन्हा वापरात येते, असा या बिरुदाचा अर्थ. आनंद आहे. पण नळ येण्याच्या दिवशी सकाळी रामबागेपासून सुदामानगरापर्यंत कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. ओटा धुतला जात असतो, मोटारीवर पाइपने फवारा चालू असतो, गच्चीवरची टाकी भरून पाणी रस्त्याला लागलेले असते. हे सारे नर्मदेचे पाणी.

नर्मदा काही आपल्या वेशीवरून वाहत नाही. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलायचे, विंध्याचा घाट चढवायचे आणि सुमारे ७० किलोमीटर आणायचे, तेव्हा ते नळाला येते. १९७० साली इंदूरकरांनी रस्त्यावर उतरून ही योजना मागून घेतली, १९७८ मध्ये पाणी पोचले. त्याआधीचे उन्हाळे कसे काढले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पाणी वर चढवण्याचे विजेचे बिल महिन्याला २५ कोटींच्या घरात गेले. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत नगर निगमाने जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे विकले. मी बँकेतला माणूस, रोखा म्हणजे काय ते जाणतो. ते कर्ज आहे आणि त्यावर सव्वाआठ टक्के व्याज आहे. कर्ज काढून आणलेला माल ओट्यावर ओतणाऱ्या खातेदाराला आमच्या काउंटरमागे एक शब्द आहे, पण संपादक तो छापणार नाहीत.

आता खात्याची दुसरी बाजू पाहू. कबीटखेडीला रोज साडेचोवीस कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकेल एवढा कारखाना उभा आहे, शिवाय लहान कारखाने वेगळे. त्यातले काही पाणी बगिच्यांना जाते, रस्ते धुवायला जाते. बाकीचे कान्ह नदीत. कान्ह पुढे उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळते. तर २०२८ च्या सिंहस्थासाठी या कान्हचेच पाणी क्षिप्रेत पडू नये, म्हणून ते बंद नाल्यातून आणि बोगद्यातून बाजूला काढून देण्याची नऊशे कोटींहून मोठी योजना हाती घेण्यात आली! पाणी चढवायला पैसा, धुऊन काढायला पैसा, आणि मग साधूंच्या स्नानाआड येऊ नये म्हणून आणखी पैसा. जमेच्या रकान्यात काय?

सुरतेने २०१४ पासून असेच पाणी आणखी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. नागपूरने भांडेवाडीचे रोजचे १३ कोटी लिटर कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायची सोय केली. आणि आपण? ज्या गावात होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसवली, आणि जी आजही जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, त्या गावाला टाकाऊचे मोल दुसऱ्याने शिकवावे?

कोणी म्हणेल, २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळात मैलपाणी आले, माणसे दगावली, आणि तुम्ही सांडपाण्याचे गुण गाता? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पण तिथे जे मिसळले ते शुद्ध केलेले पाणी नव्हते, कच्चे मैलपाणी होते. आपले नळ चोवीस तास भरलेले नसतात. दाब उतरला की फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात आपण सरळ नळालाच टुल्लू पंप जोडतो, म्हणजे ओढायला हातभारच! (हा पंप कोणाकडे नाही, त्याने हात वर करावा.) तेव्हा आधी पिण्याची लाइन तपासून दुरुस्त करा, हे पहिले मागणे. शुद्ध केलेल्या पाण्याची लाइन वेगळी, वेगळ्या रंगाची, पिण्याच्या लाइनपासून अंतर राखून टाका, हे दुसरे. नव्या वसाहतीला परवानगी देतानाच ती लाइन मागितली, तर पुढे रस्ते खोदावे लागणार नाहीत. इमारतींच्या बांधकामाला आणि क्यारीला नर्मदा आणि बोअर दोन्ही बंद.

काही घरांत सोवळे आडवे येते, हेही ठाऊक आहे. देवघरात हे पाणी न्या असे कोणी सांगत नाही. संडासाच्या टाकीला नर्मदामाई कशासाठी लागते, एवढेच विचारतो. दिवसातून चार-पाच वेळा ती साखळी ओढली जाते, घरात पाच माणसे.

आणि मीटर. दरमहा ठरावीक रक्कम भरली की बादली वापरा नाहीतर हौद, भाडे तेच. काटकसर करणारी विधवा आजी आणि तीन मोटारी धुणारा शेजारी, दोघांचे बिल सारखे. मीटर म्हटले की सगळ्याच पक्षांचे पार्षद गप्प बसतात, कारण मते जातील. जुन्या मराठी वस्त्यांतली मते आपली आहेत. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, पिण्याची लाइन कधी बदलणार, मीटर कधी लावणार आणि कबीटखेडीचे पाणी कोणत्या कारखान्याला देणार.

आपल्या सभागृहाच्या बागेला उन्हाळ्यात नर्मदेचाच टँकर येतो. तो बंद करून शुद्ध केलेल्या पाण्याचा टँकर मागवावा, असा ठराव मी येत्या आमसभेत मांडणार आहे. ओटा पाइपने धुणाऱ्या सभासदांनी विरोध करायला अवश्य यावे.