डोळे मिटून भरा हा अर्ज

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी, 5 मे रोजी, अपंग व्यक्तींना वापरता येतील अशी संकेतस्थळे कशी बांधावीत, याची पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली प्रसिद्ध झाली. आपला जिल्हा आणि ती नियमावली एकाच वयाची. जिल्ह्याने कचेऱ्या उभारल्या, वसमतच्या हळदीने 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. नियमावलीची खूण मात्र सरकारी पडद्यावर अजून शोधावीच लागते.

उत्पन्नाचा दाखला, निराधार योजना, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळे आता ऑनलाइन. तहसीलचे हेलपाटे कमी झाले, हे खरेच. पण ज्याला दिसत नाही त्याने काय करायचे? सेवा केंद्रावर जायचे, आधार क्रमांक मोठ्याने सांगायचा, पासबुक पुढे करायचे आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही परक्याच्या हाती द्यायचा. चालक भला असेल तर ठीक. नसेल तर? याला सोय म्हणत नाहीत, मिंधेपणा म्हणतात.

अंध माणूस संगणक कानाने वापरतो, हेच अनेक अधिकाऱ्यांना ठाऊक नसते. पडदावाचक नावाचे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. ‘एनव्हीडीए’ हा त्यातला एक, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. तेव्हा पैशाची सबब इथे चालत नाही. अडते ते पानाच्या बांधणीत. चौकटीला नाव दिले नसेल, तर पडदावाचक नुसते ‘रिकामी चौकट, रिकामी चौकट’ म्हणत राहतो. आडनाव कुठे लिहायचे आणि गाव कुठे, हे अर्जदाराने अंदाजाने ओळखायचे. शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा, असा फतवा येतो. बोलून दाखवण्याची सोय नसेल तर तासाभराची मेहनत तिथेच पाण्यात.

मराठीचे आणखी एक खास दुखणे आहे. युनिकोड येऊन किती वर्षे झाली, तरी कित्येक कागद अजून जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकले जातात. तो फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी वेश. डोळ्यांना ‘अनुदान’ दिसते. पडदावाचकाला आतली निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकवावी लागतात. त्याहून वाईट म्हणजे तिरका स्कॅन केलेला शासन निर्णय. तो नुसता फोटो असतो, त्यात वाचण्यासारखे एक अक्षरही नसते. शिक्का मात्र ठळक!

प्रश्न फक्त अंधांचाही नाही. मदतीसाठी केवळ फोन नंबर देणाऱ्या कचेरीने कर्णबधिरांना दार लावलेलेच असते. फिकट राखाडी अक्षरे मोतीबिंदू झालेल्या आजोबांना दिसत नाहीत. माउस धरता न येणाऱ्याला सारा अर्ज कीबोर्डवर भरता आला पाहिजे.

कायदा कमी पडतो म्हणावे, तर तसेही नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. पहिल्या उल्लंघनाला 10 हजार रुपयांपर्यंत दंडही त्यात आहे. सुगम्यतेचे निकष सक्तीचे हवेत, नुसते शिफारशीचे नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी, पापण्या मिटता न येणाऱ्या ॲसिडहल्ला पीडितांना केवायसीत येणाऱ्या अडचणींच्या प्रकरणात, डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. दिल्लीचा निकाल वसमतच्या पडद्यापर्यंत यायला किती काळ लागणार?

नगरपालिकांना उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. त्या पैशाला संकेतस्थळासाठी हात लावू नये. नीट संकेतस्थळ बांधून देणे हे कंत्राटदाराचे कामच आहे आणि निविदेत ती अट एका ओळीत बसते. वसमत नगरपालिकेने आणि तालुक्यातील प्रत्येक कार्यालयाने ती ओळ लिहावी. मग देयकावर सही करण्याआधी तालुक्यातल्याच एका अंध नागरिकाला बोलावावे, योग्य मानधन द्यावे आणि त्याच्याकडून एक अर्ज अथपासून इतिपर्यंत भरून घ्यावा. शेजारच्याने बोटही लावायचे नाही. अर्ज भरता आला नाही, तर देयक अडवावे.