तांबडा प्रकाश आणि घरचा कॅमेरा

मृग नक्षत्रातील तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखा भासतो. वस्तुतः तेथील हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो. पण आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला तो फारसा गवसत नाही! चेहऱ्यांचे रंग स्वाभाविक उमटावेत म्हणून संवेदकापुढे बसविलेली गाळणी त्याचा बराचसा भाग अडविते. हौशी आकाशनिरीक्षक ती काढवून घेतात. मग काही मिनिटांची एकेक, अशी अनेक छायाचित्रे एकत्र केली, की मृगातीलच अश्वमुखाकार कृष्णमेघामागचा तांबडा पडदा स्पष्ट होतो. मात्र त्याच कॅमेऱ्यात दिवसा घरची मंडळी तांबूस दिसतात. रंगांचा तोल दरवेळी हाताने जुळवावा लागतो. आमच्या घरी कॅमेरा एकच. गाळणीचा निर्णय तूर्त कन्येच्या वाढदिवसापर्यंत तहकूब आहे.