एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

इंदूर-बडोद्याकडील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांस बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ सांगण्याचे कारण नाही. वाडा एक, दिंडीदरवाजा एक, आडही एकच. परंतु प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी आणि कडीकुलूपही निराळे. संगणकाच्या जगात हीच व्यवस्था 'कंटेनर' या नावाने रूढ झाली आहे. ज्यांच्यावर एखाद्या शाळेची वा ग्रंथसंग्रहालयाची जबाबदारी आहे, अशा वाचकांनी ती समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील लहान संस्थांची स्थिती सर्वांस ठाऊक आहे. संगणक बहुधा एकच, तोही देणगीतून आलेला. त्याच्यावरच पुस्तकांची सूची, वर्गणीदारांची नोंद आणि मुलांचे प्रयोग! मुलांनी प्रयोग करावेत, हे शिक्षक या नात्याने आम्ही आग्रहाने सांगू. परंतु कोणा विद्यार्थ्याची एक आज्ञा चुकली म्हणून वर्षानुवर्षे खपून केलेली सूची नाहीशी व्हावी, हे परवडणारे नाही. मुलांस हातच लावू न देणे हा उपाय नव्हे. मध्ये भिंत घालणे हा उपाय होय.

या भिंतीचा इतिहास मनोरंजक आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' ही सोय आली. तिने कार्यक्रमाची दृष्टी एकाच दालनापुरती मर्यादित केली. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणले. लिनक्समध्ये २००२ पासून 'नेमस्पेस' येऊ लागले, तर २००८ च्या जानेवारीत 'सीग्रुप' आले. पहिले प्रत्येकास आपलेच घर तेवढे दाखविते. दुसरे कोणी किती पाणी उपसावे, हे ठरविते. या दोहोंच्या आधारे त्याच वर्षी 'एलएक्ससी' हे साधन निघाले.

संपूर्ण आभासी संगणक म्हणजे अंगणात दुसरा वाडाच बांधणे. त्याचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', स्वतंत्र असतो, म्हणून त्यास स्मृतीही पुष्कळ लागते. कंटेनरात गाभा सामाईक असतो. त्यामुळे ते काही क्षणांत सुरू होते आणि जुन्या यंत्रावरही चालते. मात्र याच कारणास्तव लिनक्सच्या कंटेनरात विंडोज नांदू शकत नाही.

कृती अवघड नाही. डेबियन वा उबुंटू असलेल्या यंत्रावर एलएक्ससी बसवावे. 'एलएक्ससी-क्रिएट' या आज्ञेने बिऱ्हाड उभे राहते, 'एलएक्ससी-स्टार्ट'ने सुरू होते, 'एलएक्ससी-अटॅच'ने आपण आत जातो. सूचीसाठी एक व मुलांसाठी दुसरे, अशी दोन करावीत. मुलांच्या बिऱ्हाडास ५१२ मेगाबाइट स्मृतीची मर्यादा घालावी आणि ते बंद असताना 'एलएक्ससी-कॉपी'ने त्याची प्रत करून ठेवावी. मोडतोड झाली, तर मोडलेले काढून प्रत उभी करावी. रागावण्याचा प्रसंगच येत नाही.

दोन गोष्टींचे भान मात्र सोडू नये. गाभा सामाईक असल्याने त्यास तडा गेला, तर सर्वच बिऱ्हाडांस धोका. म्हणून गाभा वेळोवेळी अद्ययावत करावा आणि कंटेनर विनाअधिकार पद्धतीने चालवावे. २०१४ च्या एलएक्ससीच्या पहिल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. तिच्यात आतला सर्वाधिकारी बाहेर सामान्य वापरकर्ता ठरतो. घरात कर्ता, चौकात केवळ एक रहिवासी! दुसरी गोष्ट अशी की, भिंत म्हणजे तिजोरी नव्हे. तबकडी बिघडली, तर सर्व बिऱ्हाडे एकदमच जातात. सूचीची एक प्रत दर आठवड्यास निराळ्या तबकडीवर घेऊन संस्थेच्या बाहेर, विश्वासू सभासदाच्या घरी ठेवावी.

पैसा अपुरा असणे हा आपल्या संस्थांचा दोष नव्हे. परंतु आहे त्या साधनाची नीट वाटणी करणे आपल्या हाती आहे. सूची सुरक्षित राहील आणि मुलांचे हातही मोकळे राहतील. या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची पाळी कोणत्याही ग्रंथपालावर येऊ नये, एवढीच आमची इच्छा.