पावण्यात पावणेदोन

पावणे हे आमच्या ऑफिसचं गाव. ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेल्या एमआयडीसीत आमची बिल्डिंग आहे. ‘पावणे? म्हणजे पाहुण्यांचं गाव का?’ हा जोक प्रत्येक नवीन जॉइनी एकदा मारतोच आणि आम्हीही तितक्याच सभ्यपणे हसतो. माझा जोक मात्र सीझनल आहे. पावण्यात सगळ्यात वाईट वेळ कुठली, असं मे महिन्यात कुणी विचारलं, तर मी सांगतो, पावणेदोन! विश्वास नसेल तर कॅन्टीनमधून पार्किंगपर्यंत चालून दाखवा. डांबर बुटाचा सोल धरून ठेवतं, सोडतच नाही.

अशाच एका शुक्रवारी, अगदी त्याच मुहूर्तावर, मी हाफ डे टाकून निघालो होतो. कोपरखैरण्याला घरी आई, बायको आणि लेक बॅगा भरून तयार. आईला साताऱ्याला सोडायचं होतं. एरवी मी बसने येतो आणि गाडी सोसायटीत उन्हात उभी असते. त्या दिवशी वेळ वाचावा म्हणून मुद्दाम गाडी घेऊन आलो होतो.

निघताना आमच्या एफवन-एक्स्पर्टने ज्ञान दिलं. (तुमच्याही ऑफिसात असेलच एक, रेस असली की सोमवारी सकाळी कुणाला काम करू देत नाही तो!) म्हणाला, ‘बॉस, ऊन बघ. एक्स्प्रेसवेवर टायर तापतात, आतली हवा फुगते. चार-पाच पॉइंट कमी करून जा. रेसिंगवाले पण प्रेशर कमीच ठेवतात.’ लॉजिक एकदम पटलं. फुगणाऱ्या वस्तूत आधीच थोडी जागा ठेवावी, एवढं सायन्स आपल्यालाही येतं.

कंपन्यांची रांग संपते तिथे पत्र्याची एक पंक्चरची टपरी आहे. मूळचे मराठवाड्यातले एक मामा ती चालवतात.

‘मामा, चारी चाकांतली चार-पाच पॉइंट हवा काढा.’

‘कशापायी?’

‘ऊन आहे ना. लांब जायचंय.’

मामांनी आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे पाहिलं. ‘पाव्हणं, निघालात कुठं?’

‘साताऱ्याला.’

‘संगं कोण हाय?’

‘आई, बायको, चार वर्षांची पोरगी.’

मामांनी हातातला गेज खाली ठेवला. ‘मंग हवा काढायची न्हाई.’

त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं, ते मी नंतर वाचून पडताळलं आणि शब्द न् शब्द खरं निघालं. टायर मुख्यतः बाहेरच्या उन्हाने तापत नाही, तो दुमडल्यामुळे तापतो. ताशी शंभरच्या वेगाला आपल्या गाडीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सरळ होतो. हवा कमी असेल तर टायरच्या बाजूच्या भिंती जास्त दुमडतात, म्हणून तो जास्त तापतो आणि आतले धागे रबरापासून सुटायला लागतात. 33 चे 37-38 पॉइंट होणं हे गाडी बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं. म्हणून दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा असतो, तोच ठेवायचा आणि गाडी थंड असताना मोजायचा. उन्हाळ्यात हवा काढणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळणं!

आणि रेसिंगवाले? ते प्रेशर कमी ठेवायला बघतात हे खरंच आहे, कारण टायर रस्त्याला जास्त टेकतो, ग्रिप मिळते. पण त्याची किंमत त्यांनीही मोजली आहे. 2013 च्या ब्रिटिश ग्रां प्रीत सिल्व्हरस्टोनला एकामागून एक टायर फाटले. पिरेलीने जी कारणं दिली, त्यांत कमी प्रेशर हे एक होतं. पिरेली आज प्रत्येक रेससाठी किमान प्रेशर ठरवून देते आणि त्याखाली जायची परवानगी कोणत्याही टीमला नाही. आमच्या एक्स्पर्टने या गोष्टीचा पहिला अर्धाच भाग ऐकला होता.

मामा मात्र अजून थांबले नव्हते. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला त्यांनी हात फिरवला आणि माझाही हात धरून तिथे नेला. लिंबाएवढा फुगा! कुठल्या तरी खड्ड्यात धागे तुटले होते आणि हवा नुसत्या रबराच्या भरवशावर उभी होती. मग त्यांनी टायरवरचे चार आकडे वाचायला लावले. 2116. म्हणजे 2016 सालचा एकविसावा आठवडा. माझ्या लेकीहून मोठा टायर! चारही त्याच वयाचे.

‘पण मामा, नक्षी तर मस्त आहे की.’

‘नक्षी रांगुळीलाबी आसती. रबर मेलंय ह्ये.’

मला राग आला, खोटं कशाला बोलू! पावणेदोनचे सव्वादोन झाले होते, घरून दोन फोन येऊन गेले होते. हाफ डे मिळवायला मी मॅनेजरसमोर काय काय नाटकं केली होती, ते माझं मला ठाऊक. वाटलं, काय होतंय, तीन-चार तासांचा तर प्रश्न आहे. हळू जाऊ. सोमवारी बघू.

‘सोमवारी बघू’ हे आपल्या पिढीचं राष्ट्रगीत आहे. पाठदुखी, दाताची कळ, आईच्या ब्लड प्रेशरची गोळी, सगळं सोमवारी.

तिथे उभ्या उभ्या मला ग्रेटर नोइडाची रेस आठवली. 27 ऑक्टोबर 2013, आपल्याकडे झालेली आतापर्यंतची शेवटची फॉर्म्युला वन. मी ती टीव्हीसमोर मांडी घालून पाहिली होती. सॉफ्ट टायर त्या ट्रॅकवर टिकत नव्हते. आतून तापून रबराला फोड यायचे आणि तुकडे निघायचे. पोलवर असलेला सेबास्टियन व्हेटेल सॉफ्टवरच सुटला आणि साठ लॅप्सच्या रेसमध्ये दुसऱ्याच लॅपनंतर पिटमध्ये शिरला. लीड सोडून! बाहेर आला तेव्हा पार मागच्या गाड्यांत होता. मी टीव्हीवर ओरडलो होतो, अरे वेडा आहे का हा?

तिकडे किमी रायकोनेन सातव्या लॅपला टायर बदलून गेला आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत त्याच सेटवर ताणत राहिला. बराच वेळ ते जमतंय असंच दिसत होतं, तो दुसऱ्या नंबरवरही आला. पण टायर संपले आणि एकेक गाडी त्याला मागे टाकत गेली. शेवटी पिटमध्ये यावंच लागलं. नवे टायर लावून त्याने रेसमधली सगळ्यात फास्ट लॅप मारली आणि तरी सातवा आला. व्हेटेल जवळपास तीस सेकंदांनी जिंकला आणि त्याच दिवशी सलग चौथ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. फोर्स इंडियाच्या गाड्या आठव्या-नवव्या आल्या म्हणून आम्ही वडापाव मागवले होते.

रायकोनेनची तर फक्त पोझिशन गेली. माझ्या मागच्या सीटवर कोण बसणार होतं?

‘मामा, चारही बदला.’

‘माझ्यापाशी नवा टायर न्हाई. स्टेपनी लावून देतो. इथनं तुर्भ्यापतुर हळू जावा, तिथं दुकानात टाका.’ म्हणजे ज्या टायरवरून त्यांनी मला अर्धा तास झापलं, त्यात त्यांना एक रुपया मिळणार नव्हता. स्टेपनी लावल्याचे पैसे घेतले, बस्स.

तुर्भ्यात साडेचार वाजले. अप्रेझलच्या आनंदाचा मोठा हिस्सा तिथेच खर्च झाला. दुकानातल्या पोराने फुगा आलेला टायर उलटा करून आतून दाखवला. फुग्याच्या जागी धाग्यांची एक लांब रेघ तुटलेली. ‘सर, हा घाटात गेला असता,’ तो म्हणाला, अगदी सहज, चहा सांडला असं सांगावं तसं.

2023 मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओवाले टायर तपासून झिजलेल्या टायरवाल्या गाड्या परत पाठवत होते, तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, माझी गाडी तर तिथूनही पास झाली असती. नक्षी छान होती ना!

साताऱ्याला पोचेपर्यंत रात्र झाली. लेक झोपली होती. उशीर का झाला, हे मी वाटेत कुणालाच सांगितलं नव्हतं, ऑफिसचं कारण दिलं होतं. आई उतरताना म्हणाली, ‘एवढं काम करू नये रे. कधीतरी वेळेवर निघावं माणसानं.’

मी मान डोलावली.

सोमवारी एक्स्पर्टला पार्किंगमध्ये घेऊन गेलो आणि त्याच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचायला लावले. वाचून तो काहीच बोलला नाही. दुपारी जेवायलाही दिसला नाही. खिडकीतून पाहिलं तर साहेब मामांच्या टपरीसमोर उभे होते. घड्याळात पावणेदोन झाले होते.