रक्त हिरवं केलं, माइकचं काय?

परवा शनिवारी मामाकडे सिडकोत जेवायला गेलो होतो. (निमित्त मामीच्या हातच्या पुरणपोळ्या. वजनाचं नंतर बघू.) जेवणं झाल्यावर मामेबहीण हेडफोन लावून कोपऱ्यात बसली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मला वाटलं लेक्चर बघतेय. मागून डोकावलो तर बीजीएमआय! आणि बाईसाहेब माझ्यापेक्षा कितीतरी भारी खेळत होत्या.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. गेममधलं नाव मुलाचं आणि माइक बंद. चौघांच्या स्क्वॉडमध्ये माइक बंद ठेवून खेळणं म्हणजे तोंडाला पट्टी बांधून कबड्डी खेळण्यासारखं. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "दादा, आवाज ऐकला की खेळ संपतो रे. आधी 'लडकी है क्या', मग नंबर मागतात, नाही दिला की शिव्या. आणि हरलो तर माझ्यामुळे."

मी गप्प बसलो. कारण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या हापिसातल्या तिघांचा पबजीचा रोजचा अड्डा असायचा. चौथा खेळाडू कुठूनतरी आपोआप यायचा. एकदा चौथी आली. तिचा आवाज ऐकताच आमच्यातल्या एकाने "पोळ्या झाल्या का करून?" पासून सुरुवात केली आणि पुढे तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. दोन मिनिटांत ती निघून गेली. मी काय केलं? हसलो. ती मॅच आम्ही जिंकलो हेही चांगलं आठवतंय.

आता गंमत बघा. आपल्याकडे गेमबद्दल आरडाओरडा होत नाही असं नाही. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट 3' भारतात आणायचाच नाही असं ठरवलं, कारण काय तर सांस्कृतिक संवेदनशीलता. त्या गेममध्ये दोन डोक्यांच्या गाईंना 'ब्राह्मिन' म्हणतात, ते नडलं असावं असा सगळ्यांचा अंदाज. 2019 मध्ये एका 11 वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली की पबजीवर बंदी घाला. त्याच्या यादीत हिंसा, व्यसन यांच्याबरोबर सायबर बुलिंगही होतं. पण बाकी सगळे बोलले ते बंदुकीबद्दल. त्याच वर्षी राजकोटला पबजी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी अटकही केली. 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेमवर देशभर बंदी आली, पण कारण चीन आणि डेटा. 2021 मध्ये तोच गेम बीजीएमआय म्हणून परतला तेव्हा संस्कारी होऊन आला. रक्त हिरवं, 'किल'च्या जागी 'फिनिश', अठराच्या आतल्यांना वेळेची मर्यादा.

माइक तसाच.

म्हणून बंदीची मागणी ऐकली की मला हसू येतं. बंदी घालणारा पडद्यावरचं चित्र बघतो, कारण ते दिसतं. अर्थात चित्राबद्दल बोलूच नये असं माझं म्हणणं नाही. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'व्हाइस सिटी' खेळलेल्या कुठल्याही नाशिककराला विचारा: वेश्येला गाडीत घ्यायचं, आपली हेल्थ वाढवून घ्यायची, मग तिला मारून पैसे परत काढायचे. ही 'ट्रिक' आम्ही एकमेकांना शिकवली होती. त्यामुळे आमच्यातला कोणी खुनी झाला नाही, हे खरंच. पण बाई म्हणजे पैसे परत मिळणारं मशीन, हा विनोद आम्हाला विनोद वाटत होता, हेही खरंच.

अमेरिकेत अनिता सार्कीसियन नेमकं हेच दाखवत होती. 2012 मध्ये तिने गेममधल्या बायकांच्या चित्रणावर व्हिडिओ करण्यासाठी लोकांकडून 6,000 डॉलर मागितले, मिळाले दीड लाखाच्या वर. तिने बंदी मागितली नव्हती, टीका केली होती. उत्तर म्हणून एकाने तिच्या फोटोला बुक्के मारायचा गेम बनवला. 2014 मध्ये युटा स्टेट विद्यापीठातलं तिचं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झालं. धमक्या देणाऱ्यांच्या बाजूचे बरेचसे लोक स्वतःला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षक म्हणवत होते! मग सेन्सॉर नक्की कोण?

खरं तर टीका वेगळी आणि कात्री वेगळी, हे मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. 1972 च्या 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग सेन्सॉरशी कोर्टात भांडले आणि जिंकले. म्हणून ते नाटक आवडलंच पाहिजे अशी कुणावर सक्ती झाली नाही. लोक आजही लक्ष्मी आणि चंपावरून हमरीतुमरीवर येतात, आणि यायलाच हवं. गेमबद्दल मात्र बोललं की लगेच दोनच पर्याय: बंदी घाला, नाहीतर "इट्स जस्ट अ गेम यार".

असो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (2020) बहिणीला दाखवला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. तिला आवडला, पण म्हणाली, "ह्यात माइकच नाहीये ना. इथे कोण त्रास देणार?" बरोबर आहे. नायिका मुलगी केली म्हणून स्क्वॉडमधली मुलगी सुरक्षित होत नाही.

माझ्यातला सॉफ्टवेअरवाला लगेच उपाय शोधायला लागला. रिपोर्टच्या बटणाचं पुढे काय झालं हे तक्रार करणाऱ्याला नीट कळायला हवं, वारंवार तक्रारी आलेल्याचा गेम चालू ठेवून नुसता माइक बंद करता यायला हवा, वगैरे वगैरे. बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या मित्राला तू काय म्हणालास?"

रविवारी रात्री आम्ही दोघं एकत्र खेळलो. तिने माइक चालू ठेवला. तिसऱ्या मॅचला आवाज आलाच, "अरे, लडकी है!" मी म्हणालो, "हो, आहे. पुढे?" म्हणताना माझाच आवाज जरा फाटला. तो पोरगा काहीतरी पुटपुटून गप्प झाला. बहीण म्हणाली, "दादा, भांडण नंतर. डावीकडच्या घरात दोघं आहेत."